गुहेतल्या अंधारात

निवृत्तीनंतर आम्ही दोघे शिडाच्या बोटीने निघालो. बोर्निओत मिरीला बोट ठेवून छोट्या विमानाने मुलूच्या जंगलात गेलो. तिथले चुनखडीचे डोंगर आणि गुहा २००० सालापासून जागतिक वारसा आहेत. वाटाड्याशिवाय आत सोडत नाहीत. दोर धरून निसरडे खडक चढताना आमच्यातल्या एकाचा गुडघा अडला. मागे फिरायचे की पुढे जायचे, यावरून आमचीच जुंपली. वाटाड्या मुलाने शांतपणे दिवे विझवायला सांगितले. डोळ्यांत बोट घातले तरी दिसेना. हजरत युनूस (अलै.) यांनी माशाच्या पोटात मागितलेली दुआ लहानपणापासून पाठ होती, तिचा अर्थ तेव्हा उमगला. चूक आपली, सुटका त्याच्याकडूनच. दिवे लागले तेव्हा आम्ही एकमेकांचा हात धरला होता. त्या मुलामागून निमूट बाहेर आलो, नदीवर वुजू करून जोहरची नमाज अदा केली. अल्हम्दुलिल्लाह!