रिव्हर्सचा दिवा आणि दहा वायरी

आमच्या वस्तीवर गाडी वळत नाही. राहुरीकडची डांबरी सडक सोडली की एका अंगाला चारी, दुसऱ्या अंगाला उसाचं रान आणि मधे जेमतेम एका गाडीपुरती वाट. अंगणात ट्रॅक्टर-ट्रॉली उभी असली की निघताना सडकेपर्यंत उलटंच यावं लागतं. मोठ्या रस्त्यावर राहणाऱ्यांना गाडीचा मागचा पांढरा दिवा शोभेचा वाटत असेल. इथं तो नसला की मागचं चाक चारीत गेलंच म्हणून समजा.

आमची गाडी २००६ सालची सेडान, दिरांनी वापरून आम्हाला दिलेली, ऑटोमॅटिक. मला तीच सोयीची. कारण मी आयुष्यात पहिल्यांदा चालवली ती वडिलांची लुना, नगरच्या कायनेटिकची. तिला ना क्लच, ना गिअर. पीळ दिला की पळायची. ही गाडीही तशीच समजूतदार होती. तिच्यात सीव्हीटी होती, म्हणजे दोन पुल्या आणि त्यांच्यावर फिरणारा पोलादी पट्टा. पुल्या अरुंद-रुंद होतात आणि वेग बदलतो. करंजी घाटात चढाला गाडी थरथरायला लागली तेव्हा पट्ट्याचे दिवस भरल्याचं कळलं. नव्या सीव्हीटीचा भाव ऐकल्यावर गाडीच विकावी असं घरात ठरत आलं होतं. तेवढ्यात नगरच्या एका गॅरेजवाल्यांनी सुचवलं, याच मॉडेलचा मॅन्युअल गिअरबॉक्स कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या बाजारात मिळतो, तो टाकू.

टाकला. लोखंडाचं काम त्यांनी झकास केलं. क्लचचं पेडल, क्लच प्लेट, एक्सल, माउंटिंग, गिअर लिव्हर सगळं जिथल्या तिथं. इंजिनचा कॉम्प्युटरसुद्धा मॅन्युअल गाडीचाच शोधून लावला. फक्त गाडी ताब्यात देताना एक वाक्य हळूच सरकवलं: "वायरिंगचं बारीकसारीक तेवढं वायरमनकडून करून घ्या. सेल्फ घेते, गाडी पळते." त्या बारीकसारीकमध्ये काय काय येतं ते त्याच रात्री दिसलं. रिव्हर्स टाकला तर मागं अंधार. सेन्सर मुका. डॅशबोर्डवर पूर्वी पी, आर, एन, डी अशी अक्षरं उजळायची, तिथंही काळोख.

बल्ब गेला असेल म्हणून दुकानात गेले. दुकानदारानं विचारलं, "सिंगल फिलामेंट की डबल?" मी गप्प. त्यानंच समजावलं. ब्रेकच्या दिव्यात दोन तारा असतात, एक पाच वॅटची रात्री सतत जळणारी आणि एक एकवीस वॅटची ब्रेक दाबल्यावर पेटणारी. रिव्हर्सला नुसती एकवीसची. नवे बल्ब घालूनही उजेड पडेना, आणि काढलेले बल्ब बॅटरीला लावून पाहिले तर लख्ख पेटले.

वायरमन म्हणून ज्यांचं नाव सगळ्यांनी घेतलं ते स्टेशन रोडच्या मागच्या बाजूचे एक वयस्कर चाचा. हात बसला तो लष्कराच्या लिलावात निघालेल्या जीप आणि जोंगांवर. नगरला ते नवल नाही. १९४८ पासून रणगाडा दळाचं प्रशिक्षण केंद्र इथंच आहे, रणगाड्यांचं संग्रहालय आहे, आणि डीआरडीओची वाहनं तपासणारी व्हीआरडीई ही संस्थाही. रस्त्यानं लष्करी ट्रक सतत जातात. त्यांच्या मागच्या एक्सलच्या गोळ्याला पांढरा रंग आणि त्यावर मिणमिणता छोटा दिवा का असतो, हे मला चाचांनीच सांगितलं: रात्री ताफा दिवे मालवून चालतो, तेव्हा मागच्या ड्रायव्हरला पुढचा ट्रक तेवढ्या ठिपक्यावरून कळावा. "आणि त्या वेळी कुणाचा रिव्हर्सचा दिवा पेटला तर सगळ्यांचा ठावठिकाणा वर विमानाला," असं म्हणून ते हसले. माझ्या गाडीकडे बघायला मात्र त्यांना सवड नव्हती. उसाचा हंगाम, दारात ट्रॅक्टरची रांग, प्रत्येकाच्या ट्रॉलीचा मागचा दिवा मेलेला. एक बल्ब, दोन वायरी, एका टोकाला चिमटा नि दुसऱ्या टोकाला सुई असा टेस्ट लँप त्यांनी माझ्या हातात दिला. म्हणाले, "ताई, तुम्ही घरी शोधून ठेवा. जोडायला मी आहे."

काय शोधायचं? तेही त्यांनी पाठकोऱ्या कागदावर काढून दाखवलं, आणि सगळ्या प्रकरणातली मला खरी आवडलेली गोष्ट ती. ऑटोमॅटिक गाडीत लिव्हर कुठं आहे हे सांगणारा एक स्वीच गिअरबॉक्सच्या बाहेर, लिव्हरच्या दांड्याला बांधलेला असतो. लिव्हर हलला की तो फिरतो आणि प्रत्येक जागेला वेगळी वायर जोडतो. म्हणून त्याच्या कपलरला वायरींचा झुपका. त्यातल्या काही डॅशबोर्डच्या अक्षरांना, काही कॉम्प्युटरला, दोन सेल्फच्या (पी किंवा एन असेल तरच सेल्फ मिळावा यासाठी) आणि दोन रिव्हर्सच्या दिव्याच्या: एकीतून करंट येतो, दुसरीतून दिव्याकडे जातो. मॅन्युअल गिअरबॉक्सला लिव्हरच्या जागेशी घेणंदेणं नाही. त्याच्या अंगात एक बारका स्वीच आटे फिरवून बसवलेला असतो, पुढं एक टोक. रिव्हर्सचा दांडा सरकला की ते टोक दाबलं जातं, आतल्या दोन पत्र्या एकमेकींना भिडतात. बस्स. दोनच वायरी, आणि त्यांना उलटसुलट नाही, कशीही जोडा. गॅरेजवाल्यांनी जुना गिअरबॉक्स काढला तेव्हा त्याच्याबरोबर तो मोठा स्वीचही गेला. गाडीकडचा दहा वायरींचा कपलर बोनेटखाली तसाच लोंबत राहिला, आणि गाडीच्या वायरिंगला अजून आपला जुना गिअरबॉक्स परत येईल अशी आशा.

म्हणजे काम सोपं. दहातल्या दोन वायरी ओळखायच्या आणि नव्या स्वीचच्या दोन वायरींना जोडायच्या. मी गाडीच्या पुस्तिकेत रंग शोधायला बसले तेव्हा चाचांचा फोनवरून आवाज चढला. "रंगावर जाऊ नका ताई. वीस वर्षांत मधे कोणी काय जोडलंय, कुणाला ठाऊक? आणि बॅटरीची वायर थेट कशालाच लावून बघू नका. त्यातल्या काही कॉम्प्युटरकडे जातात. एक चटका आणि डबा खल्लास."

करंट येणारी वायर आधी सापडली. किल्ली ऑन, इंजिन बंद, टेस्ट लँपचा चिमटा बॉडीच्या नटाला, सुई एकेका पिनेला. दोन पिनांवर लँप पेटला. त्यातली आपली कुठली? फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर बारीक अक्षरांत रिव्हर्सचा फ्यूज दाखवला होता. तो उपटला तसा एका पिनेवरचा उजेड गेला. ती आपली. दुसरी सेल्फकडची निघाली. तिथंच दिसलं की गॅरेजवाल्यांनी सेल्फच्या दोन वायरी सोलून, एकमेकींना पीळ देऊन, वर टेप गुंडाळली होती. म्हणजे गाडीला कायम वाटतं की आपण पार्किंगमध्ये आहोत. गाडी सेल्फ घेते ती एवढ्याच जोरावर.

दिव्याकडे जाणारी वायर मात्र हाती लागेना. मुलाच्या शाळेच्या प्रकल्पासाठी आणलेला मल्टिमीटर घेतला आणि कपलरच्या पिना एकेक करून बॉडीशी तपासू लागले. बीप. पुढची, तीही बीप. अर्ध्याअधिक पिना बीप करत होत्या. सगळ्याच अर्थला चिकटल्या असतील तर हे गाडीचं वायरिंग आहे की काय, असं मला वाटलं. सासूबाई ओट्यावर शेंगा सोलत हे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "सगळ्याला हो म्हणतंय ते यंत्र. त्याला काही कळतं का?" चाचांचं उत्तर जवळपास तेच निघालं, फक्त कारणासकट. बल्बची थंड तार म्हणजे जवळपास साधीच वायर. मीटर त्या तारेतून पलीकडे जाऊन अर्थ गाठतं आणि बीप करतं. डॅशबोर्डच्या अक्षरांमागेही बल्बच. म्हणून आधी मागचे दोन्ही बल्ब काढायचे, आणि अर्थशी नव्हे तर डिकीतल्या होल्डरशी मोजायचं.

डिकीतल्या होल्डरपासून बोनेटपर्यंत मीटरची वायर कशी पुरणार? मोटरपंपाची केबल उरली होती. तिचं एक टोक होल्डरमधल्या पितळी ठिपक्याला धरून सासूबाईंना बसवलं, दुसरं मी पुढं नेलं. एकेक पिन. शांतता, शांतता, आणि मग कपलरच्या कोपऱ्यातल्या एका पिनेवर स्वच्छ बीप. बाकी कशावरच नाही. सासूबाईंना डिकीतूनसुद्धा ऐकू गेलं.

पण त्या वायरीनं अजून एक कोडं घातलं. बल्ब दोन्ही काढलेले, म्हणजे तिचा अर्थशी काही संबंध उरायला नको. तरी मीटरवर काही तरी आकडा दिसत होता. बीप नाही, पण शून्यही नाही आणि अनंतही नाही. मी फोटो पाठवला. चाचांनी उत्तर दिलं, "वाटेत कुणी तरी काही तरी पाजलंय." सेन्सरचा डबा असणार. २००६ च्या गाडीला मागचे सेन्सर कंपनीतून येत नव्हते. आपल्याकडे नव्या मोटारींना ते सक्तीचे झाले १ जुलै २०१९ पासून. जुन्या गाड्यांत ते बाजारातून आणून बसवलेले असतात, आणि बसवणारा त्यांचा करंट हमखास रिव्हर्सच्या दिव्याच्या वायरीतून घेतो. दिवा पेटला की सेन्सर जागा. म्हणूनच दोन्ही एकाच दिवशी मेले होते. मला वाटलं कोडं सुटलं.

नवा स्वीच तपासणं सगळ्यात मजेचं. कुर्ल्यात कुणी तरी त्याचा कपलर कापून घेतला होता आणि बोटभर लांबीच्या दोन शेपट्या ठेवल्या होत्या. मीटर त्या दोन शेपट्यांना लावला. सासूबाई आता ड्रायव्हरच्या सीटवर, क्लच दाबून लिव्हर हलवायला. पहिला: गप्प. चौथा: गप्प. रिव्हर्स: बीप. त्यांनी तो दोन-चार वेळा आत-बाहेर केला, कामापेक्षा जास्तच. स्वीच काढून पाहण्याचा मोह झाला होता. चाचांनी आधीच बजावलं होतं की तो काढला तर आतलं तेल बाहेर, आणि बसवताना खाली नवा वायसर हवा.

जोडणी त्यांच्याकडे नगरला झाली. मी नुसती पाहत होते, पण निदान काय चाललंय ते कळत होतं. आधी बॅटरीची मायनस काढली. पीळ देऊन टेप हा प्रकार त्यांना मुळीच मंजूर नाही. बोनेटखालच्या उष्णतेनं डिंक पाघळतो आणि टेप सुटते, असं ते म्हणाले. वायर सोल्डर करून वर स्लीव्ह तापवून बसवली, एक्सल आणि सायलेन्सरच्या नळीपासून लांबून फिरवली, दोन ठिकाणी पट्ट्यांनी बांधली. रिले लागेल का, मी विचारलं. कागदावरच त्यांनी हिशेब केला: एकवीस वॅट भागिले बारा व्होल्ट म्हणजे पावणेदोन अँपिअर, दोन दिव्यांचे साडेतीन. "दहाचा फ्यूज आहे. ह्याला रिले कशाला? मागं हॅलोजनची पट्टी लावणार असाल तर बोला." कपलरच्या उरलेल्या वायरींची तोंडं एकेक करून वेगवेगळी बंद केली. एकत्र गुंडाळली की आतल्या आत भेटतात, असं त्यांचं मत.

बॅटरी जोडली, किल्ली ऑन, रिव्हर्स. दोन्ही दिवे पेटले, सेन्सर टिकटिकला, आणि डिकीच्या पत्र्याआडून घसा बसलेल्या आवाजात एक जुनी फिल्मी धून वाजायला लागली. दुकानासमोरच्या रांगेतले ट्रॅक्टरवाले वळून बघायला लागले. दिरांनी गाडी नवी असताना रिव्हर्सला धून बसवली होती, ती पुढे कधी तरी बंद पडली आणि सगळे विसरले. मीटरवर न जमणारा आकडा तिचाही होता. चाचांनी वायर खेचली तसा कुठला तरी सुटलेला जोड पुन्हा भिडला असावा. "काढू?" त्यांनी विचारलं. मी दिरांना फोन लावला. ते म्हणाले, राहू दे. मी काढायला लावली. रात्री वस्तीवर कुत्री आधीच कमी आहेत का?

गाडीला पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी आरटीओत तपासून नोंदणी वाढवावी लागते. आमची ती वेळ जवळ आली आहे. नोंदणीच्या पुस्तकात मी गिअरबॉक्सचा रकाना शोधला. चासी नंबर, इंजिन नंबर, इंधन, आसनं, सगळं आहे, गिअरबॉक्सचं नाव नाही. दिवे मात्र तिथं पेटवून दाखवावे लागतात, ते आता पेटतात. डॅशबोर्डवरची पी-आर-एन-डी अक्षरं चाचा म्हणतात तशीच मेलेली राहू द्यायची.

त्यांना घोर आहे तो सेल्फच्या त्या पीळ दिलेल्या जोडाचा. गाडी गिअरमध्ये असताना किल्ली फिरवली तर सेल्फ गाडीला ढकलतो, आणि आमच्या अंगणात समोर गोठा आहे. क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ मिळू नये असा पेडलचा स्वीच याच मॉडेलच्या काही गाड्यांना असतो म्हणे. तो कुर्ल्याहून मागवला आहे. तोवर किल्ली फिरवण्याआधी लिव्हर न्यूट्रलमध्ये आहे ना, हे सासूबाई शेजारच्या सीटवरून हलवून बघतात.