एसटी थांबली तेव्हाची तीर्थयात्रा

महाराष्ट्रातील आणि त्याच्या सीमेवरील जैन तीर्थक्षेत्रे नकाशावर पाहिली, तर बहुतेक क्षेत्रे मोठ्या शहरांपासून आणि रेल्वेमार्गापासून आडबाजूला वसलेली दिसतात. मांगी-तुंगीची जोडशिखरे बागलाणात, कुंथलगिरी बालाघाटाच्या टेकड्यांत, मुक्तागिरी सातपुड्याच्या कुशीत, तर कुंभोजचा बाहुबली हातकणंगले तालुक्यातील एका टेकडीच्या पायथ्याशी. साधनेसाठी मुनींनी एकांत शोधला आणि श्रावक त्यांच्या मागून तेथे पोहोचले. आजचा यात्रेकरू मिरज, बार्शी, मनमाड किंवा अमरावतीपर्यंत रेल्वेने येतो. परंतु तेथून क्षेत्राच्या कमानीपर्यंतचा शेवटचा टप्पा बहुतांश कुटुंबांनी वर्षानुवर्षे एसटीनेच पार केला आहे. १ जून १९४८ रोजी अहमदनगर-पुणे मार्गावर पहिली एसटी धावली. त्यानंतरच्या सात दशकांत या गाडीची इतकी सवय झाली, की यात्रेचा बेत आखताना तिचा वेगळा विचार करण्याचे कारणच उरले नाही.

ते कारण २०२१ च्या दिवाळीत निर्माण झाले. महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण व्हावे, या मागणीसाठी ऑक्टोबरच्या अखेरीस काही आगारांतून सुरू झालेले काम बंद आंदोलन नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत राज्यभर पसरले. सुमारे अडीचशे आगारांतील गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. खासगी बस, शाळांच्या बस आणि मालवाहू वाहनांनाही प्रवासी नेण्याची मुभा शासनाला द्यावी लागली. नोव्हेंबरच्या अखेरीस मूळ वेतनात वाढ जाहीर झाली, काही कर्मचारी कामावर परतले, काही मार्गांवर तुरळक फेऱ्या सुरू झाल्या. पण संप मिटला नाही. ७ एप्रिल २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कर्मचाऱ्यांना २२ एप्रिलपर्यंत कामावर रुजू होण्यास सांगितले, आणि त्यानंतर एसटी हळूहळू पूर्वपदावर आली.

जैन पंचांगाच्या दृष्टीने हा काळ फार महत्त्वाचा होता. दिवाळी म्हणजे भगवान महावीरांचे निर्वाण कल्याणक. ते त्या वर्षी ४ नोव्हेंबरला आले. जन्मकल्याणक आले १४ एप्रिलला. निर्वाणापासून जन्मकल्याणकापर्यंतचा सारा काळ संपाने व्यापला होता. मधल्या काळातच चातुर्मास संपून मुनिसंघांचा विहार सुरू होतो, कार्तिक आणि फाल्गुन महिन्यांतील अष्टाह्निका पर्वे येतात, थंडीमुळे डोंगर चढणे सुसह्य होते. म्हणजे यात्रेचा खरा हंगाम हाच. करोनाच्या दीर्घ बंदीनंतर क्षेत्रांची दारे नुकतीच उघडली होती, आणि घरोघरची वडीलधारी मंडळी दर्शनासाठी आसुसली होती.

संपाच्या काळात कोणत्याही प्रवाशाची गैरसोय होतेच. जैन यात्रेकरूची अडचण मात्र थोडी निराळी असते, कारण त्याच्या दिवसाला सूर्यास्ताची सीमा असते. नोव्हेंबरात कोल्हापूर परिसरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. रात्रिभोजनत्यागाचा नियम काटेकोरपणे पाळणारा श्रावक सूर्यास्तापूर्वी दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, आधीच जेवण आटोपतो. त्यामुळे त्याची वेळ पाच-सव्वापाचला संपते. जी गाडी चारला पोहोचायची ती सातला पोहोचली, तर इतर प्रवाशाला तीन तासांचा उशीर होतो. नियम पाळणाऱ्या आजींना थेट दुसऱ्या दिवसाच्या सकाळपर्यंत निराहार राहावे लागते. मधुमेहाची गोळी घेणाऱ्या वृद्धाच्या बाबतीत हा प्रश्न केवळ नियमाचा राहत नाही, प्रकृतीचाही होतो. म्हणून संपाच्या दिवसांत शहाणे यात्रेकरू वेळापत्रक हाती घेऊन दिवसाची आखणी करत नसत. सूर्यास्ताची वेळ आधी लिहून ते तेथून उलट मागे मोजत येत.

पुण्याचे एखादे कुटुंब डोळ्यांसमोर आणावे: दोन वृद्ध, दोन कर्ते, एक शाळकरी मूल. त्यांच्या मनात बाहुबली, कुंथलगिरी आणि मांगी-तुंगी अशा तिन्ही क्षेत्रांची यात्रा आहे. एसटी चालू असती, तर आठवड्याभरात हे जमले असते. संपात पहिला निर्णय घ्यावा लागतो तो काय गाळायचे याचा. येथे क्षेत्राचे घरापासूनचे अंतर फारसे कामाचे ठरत नाही. रेल्वे स्थानकापासूनचे अंतर पाहावे लागते.

या कसोटीवर बाहुबली सर्वांत सोपे ठरते. पुणे-मिरज-कोल्हापूर हा लोहमार्ग सातारा, सांगली, जयसिंगपूर करत हातकणंगल्यावरून जातो, आणि हातकणंगल्यापासून बाहुबली दहा किलोमीटरच्या आत आहे. त्या हिवाळ्यात पॅसेंजर गाड्या पूर्णपणे पूर्ववत झालेल्या नव्हत्या आणि प्रत्येक एक्स्प्रेस लहान स्थानकावर थांबत नाही, म्हणून आरक्षण करतानाच थांबे पाहून घेणे आवश्यक होते. शेवटचा टप्पा मात्र रिक्षाने होण्यासारखा होता. निकड पडली तर धडधाकट माणूस नेजच्या रस्त्याने, उसाच्या फडांमधून, पायीही पोहोचू शकतो.

तेथे पोहोचलेल्या यात्रेकरूला प्रथम दिसते ती भगवान बाहुबलींची २८ फूट उंचीची शुभ्र संगमरवरी मूर्ती. १९६३ मध्ये तिची प्रतिष्ठापना झाली. मूर्तीच्या परिसरातच समंतभद्र महाराजांनी उभ्या केलेल्या ब्रह्मचर्याश्रमाचे गुरुकुल आहे. टेकडीवर पायऱ्यांची वाट जाते, आणि दिगंबर व श्वेतांबर अशा दोन्ही परंपरांची मंदिरे येथे एकमेकांच्या शेजारी नांदतात. एरवी कोल्हापूरच्या महालक्ष्मीचे दर्शन, पन्हाळा आणि बाहुबली असे सारे एका दिवसात उरकणारे प्रवासी येथे तासाभरापेक्षा अधिक थांबत नाहीत. संपात परतीची घाई करण्यात अर्थ नसे. धर्मशाळेत दोन रात्री राहिलेल्या कुटुंबाला पहाटेचा अभिषेक पाहता येई, टेकडी सावकाश चढता येई आणि भोजनशाळेत वेळेवर जेवता येई. ज्या दिवशी गाडी नाही, तो दिवस स्वाध्यायाला मिळे.

कुंथलगिरीची गोष्ट वेगळी. तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुक्यात हे सिद्धक्षेत्र आहे. देशभूषण आणि कुलभूषण या मुनींची ही निर्वाणभूमी. १९५५ मध्ये आचार्य शांतिसागर महाराजांनी येथेच सल्लेखनापूर्वक देह ठेवला. रेल्वे बार्शीपर्यंत आणते, पुढचा रस्ता मात्र गाडीशिवाय पार होण्यासारखा नाही. पश्चिम महाराष्ट्रात जिला वडाप म्हणतात आणि मराठवाड्यात काळी-पिवळी, त्या जीपगाडीचाच येथे आधार. एसटी बंद असताना नऊ माणसांच्या जीपमध्ये पंधरा जण बसत, टपावर सामान आणि मागच्या पायरीवर दोघे-तिघे लोंबकळत. भाडे मागेल तेवढे. पासष्टीच्या पुढच्या प्रवाशांना एसटीत अर्धे तिकीट लागे. येथे त्यांना पूर्ण, आणि कधी पूर्णाहूनही अधिक मोजावे लागे.

अशा वेळी उपयोगी पडते ती जुनी संघयात्रेची रीत. एकट्या कुटुंबाने जीप ठरवण्याऐवजी, त्याच दिवशी निघणारी दोन-तीन कुटुंबे एकत्र आली, तर एक पूर्ण गाडी ठरवता येते. तिच्यात ठरावीक माणसेच बसतात, भाडे निघण्यापूर्वीच निश्चित होते आणि चालकाला परतीची वेळही सांगता येते. अशी कुटुंबे एकमेकांना शोधणार कोठे? बहुतेक वेळा क्षेत्राच्या कार्यालयात. कोणत्या रस्त्याला गाडी मिळते, कोणता चालक भरवशाचा आहे, कोणत्या दिवशी कोणता संघ येणार आहे, हे तेथल्या व्यवस्थापकाला जितके ठाऊक असते तितके कोणत्याही चौकशी खिडकीवर कळत नाही. निघण्यापूर्वीचा एक दूरध्वनी पुष्कळ पायपीट वाचवतो. आणि गाडी मिळालीच नाही, किंवा मिळाली ती अशी खच्चून भरलेली असली, तर बार्शीहून परत फिरण्यात कमीपणा नाही. वृद्ध आईवडिलांना आणि लहान मुलाला पायरीवर लोंबकळत नेऊन मिळणारे दर्शन यत्नाचाराच्या शिकवणीत बसत नाही.

मांगी-तुंगी या कुटुंबाने त्या वर्षी सोडून द्यावे, हेच इष्ट. मनमाड किंवा नाशिक रोडपासून सटाणा, ताहाराबाद असा लांबचा रस्ता आहे. शिवाय डोंगरावर साडेतीन हजारांच्या आसपास पायऱ्या आहेत. पहाटे चढायला सुरुवात करायची, तर आदल्या दिवशी उजेडातच पायथ्याशी पोहोचायला हवे. वाहनाच्या अनिश्चिततेत हे गणित जुळत नाही, आणि भर उन्हात घाईघाईने चढणारा यात्रेकरू स्वतःला व सोबत्यांना अडचणीत टाकतो. २०१६ मध्ये प्रतिष्ठापित झालेली ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती पुढच्या वर्षीही तेथेच असणार आहे.

संपातील प्रवासाची पिशवीही निराळी भरावी लागते. वाटेतल्या उपाहारगृहात कांदा-लसणाविना काही मिळेलच असे नाही, आणि मिळाले तरी सूर्यास्तापूर्वी मिळेल याची खात्री नाही. दशम्या, खाखरे, फुटाणे, बिनलसणाचा भडंग, राजगिऱ्याच्या वड्या असा दीड दिवस पुरेल एवढा शिधा जवळ असला, की माणूस गाडीच्या लहरीवर अवलंबून राहत नाही. गाळलेल्या पाण्याची मर्यादा अल्प असते, उकळलेल्याची अधिक. म्हणून लांबच्या टप्प्यासाठी घरूनच उकळलेले पाणी घ्यावे. औषधे नेहमीपेक्षा तीन दिवस पुरतील इतकी जास्त असावीत. बाकीचे ओझे मात्र जितके कमी तितके बरे. जो स्वतःचे सामान स्वतः उचलून दोन किलोमीटर चालू शकतो, त्याच्यापुढे संपातही दोन-तीन मार्ग खुले राहतात. अपरिग्रह येथे अगदी व्यवहाराच्या पातळीवर उपयोगी पडतो.

या साऱ्या व्यवस्थेत एक गोष्ट सहज विसरली जाते. बंद फाटकाआड उभ्या गाड्या पाहून प्रवाशाच्या तोंडून पहिला शब्द रागाचा निघतो. फाटकाबाहेर मांडवात बसलेल्या चालक-वाहकांचीही एक बाजू होती. तुटपुंजे वेतन, तेही वेळेवर न मिळणे, करोनाकाळातील जोखीम यांचे ओझे त्यांच्यावर होते. त्या महिन्यांत अनेक कर्मचाऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या. दुसरीकडे खेड्यातील शाळकरी मुली, दवाखान्यात जाणारे रुग्ण आणि भाजी घेऊन बाजाराला निघणाऱ्या बाया यांचे हालही तितकेच खरे होते. विलीनीकरण योग्य की अयोग्य, याविषयी मते निरनिराळी असू शकतात. अनेकान्ताची शिकवण घरात ऐकलेल्या माणसाने निदान एवढे करावे, की आपली चुकलेली यात्रा हेच या प्रश्नाचे एकमेव माप धरू नये. पर्यटकाची गैरसोय चार दिवसांची होती; क्षेत्राच्या पायथ्याशी राहणाऱ्या गावकऱ्यांची पाच महिन्यांहून अधिक काळाची.

बाहुबलीच्या किंवा कुंथलगिरीच्या रस्त्यावर त्या हिवाळ्यात आणखी एक दृश्य दिसे. पिच्छी-कमंडलू घेतलेले मुनी आणि त्यांच्यामागून चालणारे पाच-दहा श्रावक, नेहमीच्याच गतीने पुढच्या गावाकडे निघालेले. त्यांच्या विहारात संपाने काही फरक पडला नव्हता. आचार्य शांतिसागर महाराजांचा संघ १९२७ च्या सुमारास दक्षिणेतून सम्मेदशिखरजीकडे निघाला तोही पायीच, आणि वाटेतल्या गावोगावच्या श्रावकांनी त्याची व्यवस्था पाहिली. गावोगावी उतरायला जागा आणि वेळेवर जेवण देण्याची ही पद्धत पायी चालणाऱ्यांसाठीच रुजली. वाहने थांबली तेव्हा ती पुन्हा आपल्या मूळ कामाला आली.

एप्रिल २०२२ नंतर लाल गाड्या पुन्हा क्षेत्रांच्या कमानीपर्यंत येऊ लागल्या. सुरुवातीचे काही आठवडे फेऱ्या कमी होत्या. दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाड्यांची दुरुस्ती व्हायची होती. त्या दिवसांत प्रवास करणाऱ्या अनेकांनी एक लहानशी सवय नंतरही ठेवली. यात्रेच्या चिठ्ठीवर रेल्वेची वेळ, क्षेत्राच्या कार्यालयाचा क्रमांक आणि त्या दिवसाचा सूर्यास्त या तीन गोष्टी आधी लिहायच्या, एसटीची वेळ त्यांच्याखाली. आणि क्षेत्राच्या थांब्यावर उतरताना वाहकाने हात देऊन आजींना खाली उतरवले, तर त्याला दोन शब्द बोलून मगच कमानीकडे वळायचे.