वीकेण्ड इन चेर्नोबिल

शनिवारची रात्र. अख्खा ग्रुप लोणावळ्याला गेलाय आणि मी एका पडीक रस्त्यावर उभा आहे. पाऊस पडतोय. हातात बंदूक, खिशात लोखंडी बोल्ट. पुढची हवा जराशी थरथरतेय, म्हणून एक बोल्ट फेकला. फटाक! पाय टाकला असता तर माझंच भरीत झालं असतं.

अर्थात, मी आहे घरीच, हेडफोन लावून. रूममेटने मागून डोकावून विचारलं, ‘‘अरे, ही जागा खरी आहे ना? लोकांची घरं गेली तिथे. तू बंदूक घेऊन काय फिरतोस?’’

प्रश्न सॉलिड होता. उत्तर द्यायला मला महिना लागला.

‘स्टॉकर २ : हार्ट ऑफ चोर्नोबिल’ हा युक्रेनच्या ‘जीएससी गेम वर्ल्ड’चा गेम, नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला. २६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलची चौथी अणुभट्टी फुटली, हे खरं. त्याच मुलखात पुढे आणखी एक स्फोट झाला, ही गेमची कल्पना. त्यातून आले विचित्र प्राणी, अदृश्य सापळे आणि लाखमोलाच्या अजब वस्तू. त्या हुडकायला चोरून घुसतात ते स्टॉकर. आपण त्यातलेच एक, नाव स्किफ.

नकाशा सुमारे ६४ चौरस किलोमीटरचा. स्वतःची गाडी नाही. पैसे मोजले तर गाइड एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर सोडतो, बाकी सगळी पायपीट. आणि खरी मजा तिथेच आहे! एका ठिकाणी खसखशीच्या लाल फुलांचं भन्नाट शेत लागतं. रेंगाळलात तर डोळा लागतो, तो कायमचा. मध्येच आभाळ लालभडक होतं. मिळेल त्या तळघराकडे पळायचं. रात्री शेकोटीपाशी कुणीतरी गिटार छेडत असतं. तेवढ्यापुरतं घरी आल्यासारखं वाटतं.

आता हिंसा. आहे, आणि भरपूर आहे. म्हणूनच गेम फक्त मोठ्यांसाठी. पण इथे गोळ्या महाग, बंदूक ऐन वेळी अडकते, पाठीवरचं ओझं वाढलं की धावता येत नाही. एका शेडमागे मी एकाला टिपलं आणि त्याची सॅक उघडली. आत पाव, सॉसेज, एक बँडेज. भूक लागली होती, खाल्लं. इतर गेममध्ये माणूस मारला की पॉइंट मिळतात, इथे त्याचा डबा मिळतो. त्यानंतर जमेल तिथे मी वळसा घालून जाऊ लागलो.

तक्रारी? आहेत ना! आला तेव्हा गेम बग्जनी भरलेला होता. शत्रू थेट पाठीमागे उगवायचे. झोन आपलं आपण जगत राहतो, हा गाजावाजाही तेव्हा फोल ठरला. नंतरच्या अपडेट्सनी बरंच सावरलं.

बऱ्याच रात्रींनंतर प्रिप्यात गाठलं. खऱ्या प्रिप्यातमधले जवळजवळ ४९ हजार लोक २७ एप्रिल १९८६ ला बसमध्ये बसले, तीन दिवसांत परतायचं म्हणून. तिथला जायंट व्हील १ मे ला सुरू होणार होता. त्याच्यासमोर उभा राहून मी स्क्रीनशॉट काढायला गेलो आणि थांबलो.

कारण हा गेम बनत असतानाच, फेब्रुवारी २०२२ मध्ये, रशियन फौजा खऱ्या झोनमध्ये शिरल्या. गेमची निम्मीशिम्मी टीम प्रागला गेली, काही जण मागे राहिले, काही सैन्यात गेले. २००८ च्या ‘क्लिअर स्काय’वर काम केलेला वोलोदिमिर येझोव डिसेंबर २०२२ मध्ये बाखमुतजवळ लढताना मारला गेला. त्याच वर्षी गेमच्या नावातलं रशियन ‘चेर्नोबिल’ जाऊन युक्रेनी ‘चोर्नोबिल’ आलं.

रूममेटला शेवटी उत्तर दिलं, ‘‘ज्यांची जागा आहे, त्यांनीच बनवलाय रे. आणि तिथे हिरो बनून फिरताच येत नाही.’’

तो म्हणाला, ‘‘मग दे हेडफोन.’’

कसं जाल? पीसी किंवा कन्सोलवरून. खरा झोन फेब्रुवारी २०२२ मध्ये पर्यटकांसाठी बंद झाला.
काय न्याल? बँडेज, पाव आणि भरपूर पेशन्स.
कोणी जाऊ नये? अठराच्या आतल्यांनी, आणि ज्यांना झटपट ठोकाठोकी हवी त्यांनी.