मशेरीची डबी

गेल्या रविवारी माळ्यावरची आजीची ट्रंक खाली काढली. वाळवी लागली म्हणून काढली, उगाच भावुक होऊन वगैरे नाही. आत दोन नऊवारी लुगडी, एक पितळी अडकित्ता, मशेरीची पत्र्याची डबी आणि सुतळीनं बांधलेली पत्रं. बहुतेक इनलँड. सगळ्यांत वरच्या पत्रावर आत्याचं ते उजवीकडे झुकणारं अक्षर. तारीख १९८४ च्या मे महिन्यातली.

या पत्राबद्दल मला फार दिवसांपासून लिहायचं होतं. पण इथं निम्मी नातेवाईक मंडळी वाचायला येतात, म्हणून टाळत होतो. आता आत्याला विचारून घेतलंय. ती म्हणाली, "लिही, पण माझं नाव टाकू नको." तर टाकत नाही.

पण आधी जरा लांबून येतो.

ज्यांना माझा छंद माहीत आहे त्यांना हसू येईल, पण मला जुन्या, 'होऊ घातलेल्या' यंत्रांचं वेड आहे. म्हणजे जी यंत्रं कधी झालीच नाहीत, किंवा झाली पण चालली नाहीत, आणि वीस-तीस वर्षांनी दुसऱ्याच कुणाच्या नावानं आपल्या खिशात येऊन बसली. त्यांची चित्रं, लाकडाचे ठोकळे, पुठ्ठ्याचे नमुने बघत मी रात्रीच्या रात्री घालवल्या आहेत.

या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे अॅलन के यांचा डायनाबुक. के तेव्हा कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात होते. १९७२ साली त्यांनी एक निबंध लिहिला, सगळ्या वयाच्या मुलांसाठी वैयक्तिक संगणक असा त्याचा विषय. त्या काळी संगणक म्हणजे खोलीभर पसरलेलं प्रकरण. आणि हा माणूस लिहितो की वहीएवढा सपाट, दोन किलोंच्या आत वजनाचा, पाचशे डॉलर्सच्या आसपास मिळेल असा संगणक प्रत्येक मुलाकडे असावा. निबंधात एक चित्र आहे. जिमी आणि बेथ नावाची दोन पोरं गवतावर बसून एकमेकांच्या पाट्या जोडून अवकाशयुद्धाचा खेळ खेळतायत. हातातलं यंत्र बघितलंत तर आजचा टॅब्लेटच. के यांनी त्याआधी पुठ्ठ्याचा नमुना करून त्यात शिशाचे छर्रे भरले होते म्हणे, किती वजनापर्यंत हातात धरायला बरं वाटतं ते बघायला. मला हे छर्रे फार आवडतात. यंत्राचा पत्ता नाही, पडदा नाही, बॅटरी नाही, पण वजन मात्र आजच करून बघायचं!

त्या गोष्टीत पुढे पोरांना खेळात सूर्य घालावासा वाटतो, म्हणजे यानं त्याच्याकडे ओढली जातील. मग गुरुत्वाकर्षण कसं लिहायचं, ही शोधाशोध सुरू होते. के यांना हवं होतं ते हे. पोरानं खेळ खेळायचा तर आहेच, पण उघडून बदलायचाही. २०१० साली आयपॅड आला तेव्हा सगळे म्हणाले, घ्या, डायनाबुक आला. आकार जमला होता, खरंय. पण त्याच वर्षी मुलांच्या स्क्रॅच या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतले प्रकल्प दाखवणारं अॅप अॅपलनं आपल्या दुकानातून काढून टाकलं. के याबद्दल आजवर कुरकुरत आले आहेत आणि माझं मत त्यांच्याच बाजूला आहे.

दुसरा लाडका म्हणजे जेफ हॉकिन्स यांचा लाकडाचा ठोकळा. हॉकिन्स यांची आधीची यंत्रं एकतर अवजड होती किंवा चालली नव्हती. मग त्यांनी शर्टाच्या खिशात मावेल एवढा लाकडाचा तुकडा कापला आणि तो खिशात घालून हिंडायला लागले. मीटिंगमध्ये कुणी तारीख विचारली की ठोकळा काढायचा, चॉपस्टिकच्या काडीनं त्यावर लिहिल्यासारखं करायचं आणि परत खिशात. शेजारच्यांना काय वाटत असेल! पण त्यातून त्यांना कळलं की माणूस हे यंत्र दिवसातून कितीदा बाहेर काढतो, आणि काढल्यावर त्याला नेमकं काय हवं असतं. १९९६ साली पाम पायलट आला तो त्या ठोकळ्याच्या मापाचा. ठोकळा आता माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये आहे.

पायलटची आणखी एक गंमत. १९९३ साली अॅपलनं न्यूटन आणला होता, तो माणसाचं हस्ताक्षर वाचणार होता. त्यानं असले काही शब्द लावले की वर्तमानपत्रातल्या व्यंगचित्रांमध्ये त्याची टर उडवली गेली. हॉकिन्स यांनी उलटं केलं. यंत्रानं माणसाचं अक्षर शिकायच्या ऐवजी माणसालाच सोपी, एका फटक्यात काढायची अक्षरं शिकवली. आणि लोक शिकलेही. हस्ताक्षर वाचणं ही किती अवघड गोष्ट आहे ते यावरून लक्षात यावं. हे सांगायचं कारण पुढे येईल.

तर आता आपल्याकडचा. सिंप्युटर. नाव आठवतंय का कुणाला? बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले काही प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअर या तिथल्याच कंपनीतली मंडळी यांनी मिळून मांडलेली कल्पना. २००१ च्या एप्रिलमध्ये त्याचा नमुना लोकांसमोर आला. हातात मावणारा, लिनक्सवर चालणारा, पडद्यावर काडीनं टोचायचा, किंमत नऊ हजारांच्या आसपास ठेवायचा विचार. पण माझं डोकं फिरलं ते दोन गोष्टींनी. एक म्हणजे तो आपल्या भाषांमधला मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणार होता. आपली लिपी बरीचशी बोलल्यासारखीच लिहिली जाते, त्यामुळे इंग्रजीपेक्षा हे काम थोडं सोपं. (अगदी सोपं नाही हं. 'घर' मधला र पूर्ण म्हणायचा की अर्धा, हे आपल्याला न सांगता कळतं, यंत्राला सांगावं लागतं.) दुसरी गोष्ट, तो एका माणसाचा नसून गावाचा असणार होता. प्रत्येकाकडे आपलं एक स्मार्ट कार्ड. आपलं कार्ड घालायचं, आपलं काम करायचं, कार्ड काढून घरी न्यायचं. यंत्र सगळ्यांचं, मजकूर ज्याचा त्याचा.

हे वाचलं आणि मला आजी आठवली. नुसती आठवली नाही, टोचली.

आजीला वाचता येत नव्हतं. गाव सातारा जिल्ह्यात, आत्याचं सासर मंगळवेढ्याकडे. महिन्या-दोन महिन्यांनी आत्याचं इनलँड यायचं आणि ते वाचणारा कुणीतरी तिसरा असायचा. पोस्टमन, नाहीतर शेजारचा कुणी, नाहीतर सुट्टीत आलेला मी. आणि आत्याला हे माहीत असायचं. त्यामुळे तिच्या सगळ्या पत्रांत पाऊसपाणी, गाईचं वासरू, आणि 'आम्ही सर्व खुशाल'. खरं काही लिहायची सोयच नव्हती. आईला लिहिलेलं पत्र म्हणजे जवळपास चावडीवर लावलेली नोटीस.

एकदाच तिनं लिहिलं. १९८४ चा मे, मी अकरा वर्षांचा. पत्र आधी थोरल्या काकांच्या हातात पडलं. त्यांनी ओट्यावर उभ्या उभ्या वाचलं, मला हाक मारली आणि दोन ओळींखाली नखानं खूण केली. म्हणाले, "संध्याकाळी आजीला वाचून दाखव, एवढं सोडून. तिचं बीपी वाढायला नको." काका वाईट माणूस नव्हते. त्या वर्षी विहिरीचं कर्ज होतं, आणि परत आणलेली बहीण म्हणजे काय, याचा हिशोब त्यांनी मनात केला असणार. पण ओळी अशा होत्या की इथला त्रास आता सोसवत नाही, कुणीतरी मला न्यायला या.

मी संध्याकाळी कंदिलाजवळ बसून पत्र वाचलं. पाऊसपाणी वाचलं, वासरू वाचलं, आणि खुणेच्या दोन ओळी सोडून 'आम्ही सर्व खुशाल' वर आलो. आजी मशेरी लावत ऐकत होती. "बरं," म्हणाली आणि पत्र घेऊन ट्रंकेत ठेवलं.

मी जूनमध्ये शहरात परत आलो, शाळा सुरू झाली. पण त्या दोन ओळी मला कधी सुटल्या नाहीत.

२००१ च्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा मी अठ्ठावीसचा, पुण्यात नोकरी. आजी पंच्याहत्तरीच्या पुढे. मी मोठ्या उत्साहानं तिला सिंप्युटर सांगायला बसलो. एवढं असतं, म्हणून तिच्या हातातली मशेरीची डबीच दाखवली. हॉकिन्स यांचा ठोकळा तेव्हा मला माहीतही नव्हता. यात पत्र येईल, हे तुला वाचून दाखवेल, तुझं कार्ड तुझ्याकडे, दुसऱ्या कुणाला कळायचं नाही. तिनं डबी कानाला लावली, मग डोळ्यांसमोर धरली, मग झाकणावर अंगठा फिरवला. आणि विचारलं,

"सगळं वाचतं का रं त्ये? मधलं गाळत न्हाई न्हवं?"

मी म्हटलं, नाही आजी, यंत्राला कुठं गाळता येतं.

खरं तर मी तिला फसवतच होतो. सिंप्युटर वाचणार होता तो त्याच्यात आधीच अक्षररूपानं असलेला मजकूर. इनलँडवरचं शाईचं अक्षर वाचणं त्याच्या बापाला जमलं नसतं. न्यूटनची काय गत झाली ते वर सांगितलंच. म्हणजे आत्याच्या गावातही यंत्र हवं, तिलाही ते चालवता यायला हवं. मी सॉफ्टवेअरवाला, मला हे कळत होतं. तरी बोललो.

आणि तसंही ते आमच्या गावापर्यंत आलंच नाही. २००४ साली अमिडा सिंप्युटर या नावानं ते बाजारात आलं, दहा हजारांच्या आसपासपासून पुढे. मनगटाला झटका दिला की पान उलटायची सोयही त्यात होती, आयफोन यायच्या तीन वर्षं आधी! कर्नाटकात जमिनीच्या नोंदींच्या कामात काही वापरले गेले. पण एकूण खप काही हजारांवरच थांबला. तोवर मोबाइल स्वस्त होत चालले होते आणि लोकांनी वाचून घेण्याऐवजी सरळ बोलायचं ठरवलं. ते बरोबरच होतं म्हणा. गावाला एक यंत्र आणि ज्याचं त्याचं कार्ड, ही कल्पना मला अजूनही सुंदर वाटते, पण आपलं यंत्र आपल्याच खिशात असावं असं गरिबालाही वाटतं, हे त्या हुशार मंडळींच्या लक्षात आलं नसावं. माझ्याही नव्हतं आलं.

आजी २००५ मध्ये गेली.

तर रविवारी ते इनलँड हातात आलं आणि मला सुचलं ते असं की फोनचा कॅमेरा त्यावर धरावा. हल्ली फोन हस्ताक्षरसुद्धा बऱ्यापैकी लावतो. धरला. 'वासरू' चं त्यानं 'वासू' केलं, गावाचं नाव पार बिघडवलं. पण नखाच्या खुणेवरच्या दोन ओळी, त्या मात्र जवळजवळ बरोबर लागल्या. 'ऐका' वर बोट ठेवलं, आणि त्या सपाट, कुणाच्याच नसलेल्या बाईच्या आवाजात माझ्या हॉलमध्ये ते वाक्य ऐकू आलं. बायको स्वयंपाकघरातून कोण आलंय म्हणून बघायला आली.

मग मी आत्याला फोन लावला. एकेचाळीस वर्षांपूर्वीची चोरी सांगून टाकली. पलीकडे ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "आईला ठाऊक होतं की."

आजीनं म्हणे दुसऱ्याच दिवशी पत्र पदरात घेतलं आणि बालवाडीच्या बाईंकडून परत वाचून घेतलं. वाचता वाचता पोरगं अडखळलं आणि त्याचं डोळं उडी मारून खाली गेलं, असं तिनं आत्याला सांगितलं होतं. त्या आषाढीला आजी पंढरपूरला गेली हे घरात सगळ्यांना माहीत आहे. तिथून पुढे ती मंगळवेढ्याला गेली आणि लेकीला घेऊन आली, हे मला माहीत नव्हतं. त्या दिवाळीला आत्या घरी होती एवढंच मला आठवतं, पण दिवाळीला लेकी येतातच. आत्या सहा महिने राहिली. पुढे मामंजींनी येऊन बोलणी केली, वेगळं बिऱ्हाड दिलं, मग गेली.

"मला का नाही कुणी सांगितलं?"

"आई म्हनाली, त्याला सांगू नगा. पोराच्या मनाला लागंल."

म्हणजे २००१ साली डबी हातात धरून आजीनं ते विचारलं, तेव्हा...

असो. मी आत्याला म्हटलं, पुढच्या वेळी आलो की फोनवरून तुला तुझं पत्र वाचून दाखवतो. ती म्हणाली, "मला ठाऊक हाय त्यात काय लिवलंय. त्यापरीस माझ्या डॉक्टरची चिठ्ठी लाव त्येच्याम्होरं, दुकानदाराला बी अक्षर लागत न्हाई." भाच्यानं चिठ्ठीचा फोटो पाठवला. लावून बघितली.

नाही लागली.