आक्र्याचे नकली दिनार

नकली नाणें म्हटलें कीं, अंधाऱ्या खोलींत भट्टी फुंकीत बसलेला एखादा चोरटा कारागीर डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु ज्या धर्माशीं युद्ध मांडलें त्याच धर्माचें नाणें शंभरएक वर्षें उघडपणें पाडणारें एक राज्यहि इतिहासांत होऊन गेलें!

इ. स. १०९९ मध्यें युरोपांतील ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनीं जेरुसलेम घेतलें. हेच ते फ्रँक. आपला 'फिरंगी' हा शब्द त्याच कुळांतला. त्यांच्या आक्रा, त्रिपोली वगैरे बंदरांतून मिसर देशाशीं व्यापार चाले, आणि व्यापाऱ्यांचा विश्वास फातिमी खलिफांच्या जवळजवळ शुद्ध सोन्याच्या दिनारांवर. तेव्हां फिरंग्यांनीं अल्-मुस्तन्सिर व अल्-आमिर या खलिफांच्या दिनारांचे छापच उचलले. अरबी अक्षरें, पैगंबराचें नांव, कलमा, सारें तसेंच! सोनें मात्र तसें राहिलें नाहीं. शुद्धता प्रथम शेंकडा ८० च्या आसपास, पुढें तर दोनतृतीयांशावर आली. सराफ हा भेद जाणून होते. ते या दिनारांना 'सूरी', म्हणजे सूर शहराचे, असें निराळें नांव देत. पण सराफ जाणतो तें हमालानें कसें जाणावें?

आमच्या मातोश्रींची पुतळ्यांची माळ होती. पुतळी ही मूळची व्हेनिसची, १२८४ पासून पडूं लागलेली डुकॅट. तिच्याहि नकला पुष्कळ झाल्या. वाटणीच्या वेळीं सोनारानें एकेक पुतळी कसोटीवर घासली, तों दोन हिणकस निघाल्या; त्या नेमक्या आमच्या विधवा भावजयीच्या वांट्याच्या. छाप सर्वांवर एकच. त्या आम्हीं बदलून दिल्या. परंतु कसोटी आणलीच नसती तर त्या माउलीनें कोणास विचारावयाचें होतें?

फ्रान्सचा राजा नववा लुई याच्याबरोबर आलेल्या पोपच्या प्रतिनिधीनें या दिनारांविरुद्ध तक्रार केली, व पोप चौथा इनोसंट यानें ती उचलून धरली. तक्रार होती ती पैगंबराच्या नांवाची. हिणकस सोन्याची नव्हे! आम्हांस विचाराल तर पाप दुसऱ्यांतच अधिक. टांकसाळीनें १२५१ त तोड काढली: मधोमध क्रूस, भोंवतीं पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचें स्मरण, आणि सनहि ख्रिस्ती. लिपि व भाषा मात्र अरबीच ठेविली. बाजार त्या अक्षरांना सरावला होता ना!