मागून आणलेली पेटी

आमच्या मंडळीची पेटी चांगली वाजत होती. तरी नाताळ जवळ आला की पाळकसाहेब मला गावाच्या दुसऱ्या टोकाला, एस.पी.जी.च्या देवळात पाठवायचे. “त्यांच्या पाळकांना जय ख्रिस्त सांग आणि चार दिवसांसाठी पेटी माग.” मी दहा वर्षांचा. “आपली आहे की,” म्हटलं, तर म्हणाले, “आहे रे. पण तिकडे जायला काही निमित्त हवं ना, बाळा?”

नगर जिल्ह्यातलं आमचं गाव. आम्ही अमेरिकन मराठी मिशनचे, एस.पी.जी.वाले अँग्लिकन. त्यांना बिशप, आणि आमच्या वडीलधाऱ्यांना तो शब्दही सोसत नसे. उत्तर भारतातल्या मंडळ्यांच्या एकीची बोलणी १९२९ पासून चालली होती. मसुदे पाळकसाहेबांच्या ट्रंकेत असत, गावात मात्र त्यांनी ते कधी उघडले नाहीत. पेटी परत करायला ते स्वतः जायचे. ओसरीवर बसायचे, घरच्या आजाऱ्यांची चौकशी करायचे. ना. वा. टिळकांची भजनं दोन्हीकडे तीच, चाली तेवढ्या वेगळ्या. पाळकसाहेबांनी आम्हाला तिकडच्या चाली शिकायला लावल्या. आमच्या चाली त्यांना शिकवू दिल्या नाहीत. बिशपचा विषय तिसऱ्या वर्षी निघाला, आणि तो त्यांच्याच पाळकांनी काढला.

२९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. पाळकांनी एकमेकांच्या मस्तकावर हात ठेवले. कोण कोणाला सामावून घेतं, हा प्रश्नच उरला नाही. मेथॉडिस्टांच्या मोठ्या संस्थेनं मात्र ऐनवेळी माघार घेतली. आमचे पंच चिडले. पाळकसाहेबांनी त्या नाताळात उपदेशाला एका मेथॉडिस्ट पाळकांनाच बोलावलं.

पुढे आमच्याशी नातं जोडू पाहणाऱ्या स्वतंत्र मंडळ्यांना भेटण्याचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच गावी मी नियमावली, ठरावाचा नमुना, सगळं पिशवीत घेऊन गेलो आणि बसल्या बसल्या वाचून दाखवलं. त्यांनी चहा दिला, एसटीपर्यंत पोचवलं, पुन्हा बोलावलं मात्र नाही. ती चूक माझीच. पाळकसाहेब तोवर प्रभूत निजले होते. त्या रात्री त्यांची फार आठवण आली.

वर्षानं पुन्हा गेलो, मोकळ्या हातानं. म्हटलं, आमच्या तरुण संघाचा मेळावा आहे, तुमची ढोलकी आठवडाभर मिळेल का? तिथले वडील जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग आत गेले, ढोलकी घेऊन आले आणि म्हणाले, “परत द्यायला तुम्हीच या.”