क्रोमचा माळ

जॉन क्रोमच्या ‘माऊसहोल्ड हीथ’ या चित्राची छापील प्रत पुढे सरकवत आमचे एक चित्रकार स्नेही म्हणाले, “हा मूळचा पाट्या रंगवणारा, बरं का!” तेवढ्यावर मी क्रोमच्या गावाची, इंग्लंडातल्या नॉर्विचची गाडी पकडली.

उतरण्याची जागा यथातथाच. खिडकी बंद होईना आणि हीटर चालू होईना. मालकीणबाई मात्र कॅथीड्रल पाहाच म्हणून मागे लागल्या. मी कोलगेटवरच्या सेंट जॉर्ज चर्चकडे वळलो. क्रोमला 1821 मध्ये तिथेच पुरलं.

विणकराच्या या पोराचा जन्म 1768 चा. आधी एका डॉक्टरकडे हरकाम्या, मग सात वर्षं घोडागाड्या आणि पाट्या रंगवणाऱ्याकडे उमेदवारी. त्याला ‘स्वयंशिक्षित’ म्हणायची पद्धत आहे. मला ते अर्धंच पटतं. शिकायला अकादमीची पायरी तो चढला नाही, पण रंग घोटणं, सपाट हात मारणं, दुरून वाचता येईल असं काढणं हे सगळं दुकानात शिकला. आपल्याकडे ट्रकच्या मागचा मोर रंगवणाऱ्यालाही ही जाण असतेच. पुढे कॅटनच्या थॉमस हार्वे यांनी आपल्या संग्रहातली गेन्सबरो आणि होबेमाची चित्रं त्याला खुली केली. त्यांच्या नकला करत तो निसर्गचित्राकडे वळला. 1803 मध्ये त्याच्या पुढाकाराने नॉर्विचच्या चित्रकारांची संस्थाही उभी राहिली.

किल्ल्यातलं संग्रहालय भरभर उरकून चित्रातल्या त्या माळाची, माऊसहोल्डची चढण धरली. 1549 मध्ये गायरानांना कुंपणं घालण्याविरुद्ध रॉबर्ट केटने याच माळावर हजारो शेतकऱ्यांची छावणी टाकली होती. बंड मोडलं, आणि केटला किल्ल्याच्या भिंतीवर फाशी दिलं.

क्रोमने चित्र काढलं 1818 ते 1820 च्या सुमारास. तोवर माळाचा बराचसा भाग कुंपणात गेला होता. चित्रात मात्र एकही कुंपण नाही. म्हणून काही अभ्यासक या चित्रात निषेध वाचतात. पण गर्नी सावकारांच्या मुलींना चित्रकला शिकवून संसार चालवणारा हा माणूस बंडखोर वाटत नाही. मला त्यात पाटीवाल्याचा हिशेब दिसतो: पुढे काटेरी झुडपं, मागे उघडी टेकाडं, आणि बाकी सगळं आभाळ. कुंपणाची एक आडवी रेघ मारली असती, तर नजर तिथेच अडली असती. माळ मोकळा ठेवायला केटला सैन्य लागलं. क्रोमचं काम रेघ न मारण्याने झालं.

आज उरलेत जेमतेम 184 एकर, आणि त्यांवरही झाडी माजली आहे. गुरं चरेनाशी झाली, तशी ओक-बर्चची रोपं फोफावली. क्रोमचा माळ थोडा तरी परत यावा म्हणून आता तिथे झाडं तोडावी लागतात! एका ओंडक्यावर बसून मी आभाळ शोधत राहिलो. संध्याकाळ कधी झाली, कळलंच नाही. कॅथीड्रल राहूनच गेलं. माळावरच्या सेंट जेम्स टेकडीवरून त्याचा कळस दिसतो, असं मालकीणबाईंना सांगून वेळ मारून नेली.